एन्रॉनचें कर्ज आणि महाराष्ट्राची हमी

वासिष्ठी नदी जेथें समुद्रास मिळते तेथें खाडीच्या उत्तर तीरावर दाभोळ हें जुनें बंदर आहे. समोर दक्षिण तीरावर, गुहागर तालुक्यांत, अंजनवेल हें गांव असून त्याच्या शेजारीं गोपाळगड उभा आहे. ज्या वीज-केंद्राच्या पायीं महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें रणें माजलीं तें केंद्र ‘दाभोळ’ या नांवानें ओळखलें गेलें. परंतु तें दाभोळास नाहीं, अंजनवेलीस आहे. नांव एका तीरावर आणि वस्तु दुसऱ्या तीरावर, हा प्रकार केवळ भूगोलापुरता असता तर त्याचा उल्लेख करण्याचें कारण नव्हतें. पण ज्या कंपनीनें हें केंद्र उभारलें तिचे हिशेबही याच रीतीनें लिहिलेले होते. कर्ज एका ठिकाणीं, आणि त्याची नोंद भलत्याच ठिकाणीं! या कर्जाची हकीकत ह्यूस्टन शहरीं सुरू होते, आणि तिचा एक धागा थेट पुण्यांतील घरोघरच्या वीजबिलापर्यंत येऊन पोंचतो.

एन्रॉन ही कंपनी सन १९८५ मध्यें दोन अमेरिकन कंपन्यांच्या विलीनीकरणांतून जन्मास आली. एक टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन नॅचरल गॅस आणि दुसरी नेब्रास्कांतील इंटरनॉर्थ. दोहोंचा धंदा नैसर्गिक वायु जमिनीखालच्या नळांतून दूरदूरच्या शहरांस पोंचविण्याचा होता. हा धंदा संथ असतो. नळ टाकण्यास भांडवल अतोनात लागतें, उत्पन्न मात्र ठराविक व धिम्या गतीनें येतें. त्यांतच विलीनीकरणासाठीं मोठें कर्ज काढलेलें असल्यामुळें नवी कंपनी डोक्यावर ओझें घेऊनच चालूं लागली. तिचे प्रमुख केनेथ ले यांना संथपणा मानवणारा नव्हता. अमेरिकन सरकारनें त्याच सुमारास वायूच्या दरांवरील निर्बंध सैल केले होते; तेव्हां वायु वाहून नेण्यापेक्षां वायूच्या खरेदीविक्रीचे करार करण्यांत अधिक नफा आहे, असें कंपनीनें ठरविलें. या कामीं जेफ्री स्किलिंग हे त्यांचे उजवे हात झाले.

स्किलिंग यांनीं हिशेबाची एक नवी पद्धत आणली व १९९२ च्या आरंभीं तिला सरकारी नियामकांची संमतिही मिळविली. ती समजण्यास कोंकणांतील उदाहरण पुरें आहे. एकाद्या बागाइतदारानें आज हापूसचें कलम लावावें, पुढील वीस वर्षांत त्यास किती आंबे लागतील आणि काय भाव येईल याचा आपणच अंदाज बांधावा, आणि ती सगळी रक्कम या वर्षीच्या जमेस धरून सावकारापुढें वही ठेवावी, तशी ही रीत होती. वही सर्वस्वी खोटी म्हणतां येत नाहीं, कारण कलम खरोखर लावलेलें असतें. परंतु घरांत रोकड आलेली नसते, आणि सावकाराचें व्याज तर रोकडीनेंच द्यावें लागतें! पुढल्या वर्षीं नफा वाढलेला दाखवायचा म्हणजे आणखी कलमें लावणें ओघानेंच आलें. परदेशांतील मोठमोठ्या प्रकल्पांचे करार मिळविणाऱ्या अधिकाऱ्यांस बक्षिसेंही करार पुरे होतांच मिळत. प्रकल्प पुढें चालला कीं बुडाला, हें पाहण्याचें त्यांस फारसें कारण नसे. अशा घाईच्या काळांत ही कंपनी हिंदुस्थानांत आली.

हिंदुस्थानासही घाईच होती. १९९१ सालीं परकीय चलनाचा सांठा जवळजवळ संपुष्टांत आला होता. विजेचा तुटवडा होता आणि वीज-मंडळांपाशीं पैसा नव्हता. केंद्र सरकारनें वीजनिर्मितीचें क्षेत्र परदेशी भांडवलास खुलें केलें. जून १९९२ मध्यें एन्रॉनचे अधिकारी महाराष्ट्रांत आले आणि २० जून रोजीं राज्य वीज मंडळाशीं त्यांचा प्राथमिक करार झालादेखील. निविदा मागविलेल्या नव्हत्या. अवघ्या कांहीं दिवसांचा हा मामला! पुण्यांत दोन खोल्यांचें बिऱ्हाड पाहणारा गृहस्थही याहून अधिक दिवस पाणी, शेजार आणि घरमालक यांच्या चौकशींत घालवितो. जागतिक बँकेनें १९९३ सालीं या प्रकल्पास कर्ज देण्याचें नाकारलें. एवढी महाग वीज विकत घ्यावयाची तर मंडळास आपलींच स्वस्त कोळशाचीं केंद्रें मंद ठेवावीं लागतील, हा तिच्या आक्षेपाचा मुख्य भाग होता. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजीं वीजखरेदीचा करार झाला. दोन टप्प्यांत मिळून २,०१५ मेगॅवॅट क्षमतेचें केंद्र. मालकी एन्रॉनची ८० टक्के, आणि जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांची प्रत्येकीं १० टक्के.

या कराराचें मर्म विजेच्या दरांत नव्हतें, त्याच्या बांधणींत होतें. सदाशिव पेठेंतील एकाद्या खाणावळींत विद्यार्थी महिन्याचा ठराव करतो. महिन्याचे ३,००० रुपये. जेवा अथवा न जेवा. साठही ताटें जेवला तर ताट ५० रुपयांस पडलें. मध्यें गांवीं गेला आणि वीसच ताटें जेवला, तर तेंच ताट १५० रुपयांस पडलें. खाणावळवाल्यानें लबाडी केली असें म्हणतां येत नाहीं, ठरावच तसा होता. वीज मंडळाचा ठराव याच जातीचा होता. केंद्र वीज देण्यास सज्ज आहे एवढ्यावरच त्याचा स्थिर आकार देणें मंडळास भाग होतें, मग वीज घ्या अथवा न घ्या. सरपणाचा खर्च वेगळा. तो जगाच्या बाजारांत इंधनाचा जो भाव असेल त्याप्रमाणें मंडळानेंच सोसावयाचा. आणि स्थिर आकाराचा मोठा भाग डॉलरशीं जखडलेला. करार झाला तेव्हां डॉलरास सुमारें ३१ रुपये पडत. २००१ सालीं ते ४७ झाले. म्हणजे ताट तेंच, भात तोच, आणि खाणावळीचा आंकडा दीडपट!

यावर दोन हमींचीं कुलुपें लागलीं. मंडळानें पैसे न दिल्यास राज्य सरकार देईल ही पहिली, आणि राज्यानेंही न दिल्यास केंद्र सरकार देईल ही दुसरी, जिला प्रतिहमी असें म्हणतात. दोन्ही हमी १९९४ सालीं दिल्या गेल्या. जुन्या काळीं जामीन राहणें ही काय चीज आहे, हें घरोघर ठाऊक असे. मित्राच्या कर्जरोख्यावर सही करणाऱ्याच्या वहींत त्या दिवशीं एक पैही खर्ची पडत नाहीं. म्हणूनच ती सही इतक्या सहज होते. राज्याच्या अंदाजपत्रकांतही हा बोजा कर्जाच्या सदराखालीं दिसत नव्हता. तरीही तें कर्जच होतें. पुढें ह्यूस्टन येथें जें उघडकीस आलें त्याची ही इकडची बाजू म्हणावयास हरकत नाहीं.

करार जनतेपुढें ठेवलेला नव्हता, आणि पुष्कळशी चर्चा देशाभिमान, परदेशी भांडवल, लांचलुचपत अशा मोठ्या शब्दांभोंवतींच फिरत होती. अशा वेळीं पुण्यांतील ‘प्रयास’ या लहानशा संस्थेंतील गिरीश संत, शंतनु दीक्षित व सुबोध वागळे यांनीं कागद मिळवून शांतपणें आंकडेमोड केली. त्यांचें विवेचन जून १९९५ मध्यें ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या मुंबईच्या साप्ताहिकांत आलें. कंपनी परदेशी आहे म्हणून वाईट, असा त्याचा सूर नव्हता. मंडळास किती वीज लागते, ती कोणत्या प्रहरीं लागते, हें केंद्र पूर्ण चाललें तर काय पडेल, अर्धें चाललें तर काय पडेल आणि धोका कोणाच्या अंगावर आहे, एवढेंच त्यांनीं पाहिलें. आणि उत्तर असें आलें कीं, धोका जवळजवळ सगळाच मंडळाच्या अंगावर आहे. गोष्ट साधी वाटते. परंतु सचिवालयांत जें कोणी करावयास हवें होतें तें पुण्यांतील एका खोलींत बसून चार माणसांनीं करावें, याचा अभिमान बाळगावा कीं खंत करावी, हें ठरविणें कठीण आहे. गिरीश संत यांचें फेब्रुवारी २०१२ मध्यें अकालीं निधन झालें.

राजकारणाचा भाग थोडक्यांत सांगतां येईल, कारण त्यांत शिकण्यासारखें थोडें आणि पश्चात्ताप करण्यासारखें फार आहे. १९९५ च्या निवडणुकींत शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांनीं हा प्रकल्प समुद्रांत बुडविण्याची भाषा केली, सत्तेवर येतांच गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली आणि ऑगस्टमध्यें करार रद्द केला. नोव्हेंबरांत तोच करार पुन्हां जमला. केंद्र लहान होण्याऐवजीं २,१८४ मेगॅवॅटचें झालें. विजेचा दर २ रुपये ४० पैशांवरून १ रुपया ८६ पैशांवर आणल्याचें सांगण्यांत आलें. द्रवरूप वायु उतरवून घेण्याची व्यवस्था हिशेबांतून वेगळी काढली, हें त्या स्वस्ताईचें एक कारण होतें. मे १९९६ मध्यें दिल्लींत तेरा दिवस टिकलेल्या सरकारनें पायउतार होण्यापूर्वीं प्रतिहमी कायम करण्याचें काम तेवढें उरकून घेतलें. इकडे अंजनवेल, वेलदूर, रानवी या गांवांतील शेतकरी आणि कोळी लोक जमीन व मासेमारी यांसाठीं झगडत होते. त्यांच्यावर झालेल्या पोलिसी जुलुमाचा अहवाल ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संस्थेनें जानेवारी १९९९ मध्यें प्रसिद्ध केला.

मे १९९९ मध्यें ७४० मेगॅवॅटचा पहिला टप्पा चालू झाला. इंधन म्हणून नाफ्था जाळला जात होता, आणि २००० सालीं जगभर तेलाचे भाव चढले. खाणावळीचें गणित आतां प्रत्यक्ष दिसूं लागलें. युनिटचा दर ४ रुपयांच्या वर गेला. ज्या महिन्यांत मंडळानें वीज कमी घेतली त्या महिन्यांत तो ७ रुपयांच्याही पलीकडे गेला. मंडळ मुळांतच खंगलेलें होतें. पुष्कळ वीज वाटेंत गळत होती, पुष्कळ चोरली जात होती आणि शेतीपंपांना मीटरच नव्हते. ज्या घरांत रोजची उधारी फिटत नाहीं त्यानें राजवाड्यांतील आचारी ठेवावा, तशी ही स्थिति होती. सगळा दोष परक्यांच्या माथीं मारून मोकळें होणें म्हणूनच बरोबर नाहीं. डिसेंबर २००० चें १०२ कोटि रुपयांचें बिल थकलें, तेव्हां फेब्रुवारी २००१ मध्यें कंपनीनें केंद्र सरकारची प्रतिहमी वटविण्यास काढली. मंडळानें उलट, केंद्र ठरल्या वेळांत पूर्ण क्षमतेस पोंचलें नाहीं म्हणून ४०१ कोटि रुपयांचा दंड कंपनीवर लावला. त्याच वर्षीं राज्यानें माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. निवृत्तीनंतर पुण्यांत राहिलेले हे गृहस्थ स्पष्टवक्तेपणाविषयीं प्रसिद्ध होते. राज्यकारभाराची यंत्रणाच या प्रकरणीं ढिली पडली, असा त्यांच्या अहवालाचा आशय होता. २९ मे २००१ रोजीं मंडळानें वीज घेणें बंद केलें. दुसरा टप्पा बहुतेक पुरा होत आलेला, आणि केंद्र थंड!

या सुमारास ह्यूस्टन येथें काय चाललें होतें? बाहेरून पाहणाऱ्यास सर्व आबादीआबाद होतें. ऑगस्ट २००० मध्यें एन्रॉनचा एक शेअर ९० डॉलरांस गेला होता, आणि त्या वर्षाची उलाढाल १०,००० कोटि डॉलरांवर दाखविली होती. परंतु कंपनीचे वित्तप्रमुख अँड्र्यू फास्टो यांनीं कर्ज लपविण्यासाठीं शेंकडों उपकंपन्यांचें जाळें विणलें होतें. एकादा गृहस्थ घर गहाण टाकतो, पण गहाणखत मेहुण्याच्या नांवें करतो; आणि मेहुण्याला मागच्या दारानें लिहून देतो कीं, तुजकडून न फिटलें तर मी फेडीन. गृहस्थाच्या वहींत कर्ज दिसत नाहीं, आणि सावकार त्यास आणखी कर्ज देतो. एन्रॉननें याहून एक पाऊल पुढें टाकलें. मेहुण्याची पत राखण्यासाठीं तारण म्हणून तिनें आपलेच शेअर दिले. शेअरचा भाव चढता असेपर्यंत सर्व ठीक. तो उतरला कीं तारणही गेलें आणि कर्जही दारीं आलें, तेंही एकाच दिवशीं. आर्थर अँडरसन या नांवाजलेल्या हिशेबतपासनिसांनीं या सगळ्यावर शिक्के मारले होते.

ऑगस्ट २००१ मध्यें स्किलिंग यांनीं अकस्मात् राजीनामा दिला. १६ ऑक्टोबर रोजीं कंपनीनें तिमाहीचा तोटा जाहीर केला, आणि नोव्हेंबरांत १९९७ पासूनचा आपला नफा फुगवून सांगितला होता अशी कबुली दिली. मग पतदर्शक संस्थांनीं तिची पत उतरविली. पत उतरतांच ६९ कोटि डॉलरांचें एक कर्ज मुदतीपूर्वींच देय झालें. ही अट कोठेंतरी कागदांत लिहिलेली होती. एन्रॉनला विकत घेण्यास निघालेली डायनेजी कंपनी २८ नोव्हेंबरला मागें सरली, आणि शेअर एका डॉलरच्या खालीं आला. २ डिसेंबर २००१ रोजीं एन्रॉननें नादारीचा अर्ज केला. ताळेबंदांत दिसणारें कर्ज सुमारें १,३०० कोटि डॉलर होतें. मेहुण्यांच्या नांवावरचें धरून तें ३,८०० कोटि डॉलर भरलें. दुसऱ्याच दिवशीं सुमारें चार हजार नोकरांस घरीं पाठविण्यांत आलें. त्यांतील पुष्कळांचा निवृत्तीचा पैसा एन्रॉनच्याच शेअरांत गुंतलेला होता. नोकरीबरोबर म्हातारपणची पुंजीही गेली. ले व स्किलिंग यांना २००६ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें. ले शिक्षा ऐकण्यापूर्वींच त्या वर्षीच्या जुलैंत वारले. स्किलिंग तुरुंगवास भोगून २०१९ सालीं सुटले.

अंजनवेलीस मात्र प्रश्न संपला नाहीं. मालक बुडाला, तरी केंद्रासाठीं कर्ज देणाऱ्या संस्था होत्याच, आणि त्यांत स्टेट बँक, आय्.डी.बी.आय्., आय्.सी.आय्.सी.आय्. अशीं घरचींच नांवें होतीं. परक्या कंपनीचें भांडवल येणार म्हणून प्रकल्पाचें कौतुक झालें होतें. परंतु कर्जाचा मोठा वांटा देशांतील ठेवीदारांच्याच पैशाचा होता, हें दार बंद झाल्यावर पुष्कळांच्या ध्यानांत आलें. २००५ सालीं एन्.टी.पी.सी. आणि गेल या दोन सरकारी कंपन्या, या वित्तसंस्था व महाराष्ट्राचें वीज मंडळ यांनीं मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढली. त्याच वर्षीच्या जूनमध्यें जुन्या वीज मंडळाचे चार तुकडे झाले, आणि पुणेकरांच्या हातीं महावितरणचें बिल पडूं लागलें. राज्यांत भारनियमनानें कहर केला होता. पुण्यांतील कुटुंबें तासन् तास पंख्यावांचून बसलीं असतां दोन हजार मेगॅवॅटचें तयार केंद्र समुद्रकांठीं गंजत होतें! २००६ सालीं पुण्यांतील कारखानदारांनीं आपलीं जनित्रें चालवून शहराचें भारनियमन टाळण्याची योजना काढली. तिच्यापायीं वाढीव आकार ग्राहकांनीं सोसला.

नव्या कंपनीचें दैवही फारसें निराळें निघालें नाहीं. कृष्णा-गोदावरीच्या समुद्रांतील वायु तिला मिळूं लागला, परंतु कांहीं वर्षांतच तो आटला आणि केंद्र पुन्हां बंद पडलें. कर्जाचें व्याज मात्र चालूच राहिलें. २०१५ च्या नोव्हेंबरांत रेल्वेनें ५०० मेगॅवॅट वीज घेण्यास सुरुवात केली तेव्हां कोठें थोडी धुगधुगी आली. २०१८ सालीं वायुधक्का वेगळा काढून कोंकण एल्.एन्.जी. या कंपनीकडे दिला गेला. २०२० च्या अखेरीस वित्तसंस्थांनीं तडजोडीनें आपलें येणें मिटविलें आणि केंद्र एन्.टी.पी.सी.च्या हातीं आलें. तडजोड म्हणजे येणें असलेल्या रकमेंतून कांहीं सोडून देणें. सोडलेली रक्कम कोणत्याही घराच्या बिलांत वेगळ्या ओळींत छापलेली नसते.

परदेशांतून येणाऱ्या ज्या द्रवरूप वायूवर हा सगळा मनोरा रचला होता तो वायु एन्रॉनच्या हयातींत अंजनवेलीस कधींच आला नाहीं. धक्का २०१३ सालीं चालू झाला. परंतु लाटा अडविणारा बांध अपुरा राहिलेला असल्यामुळें, त्यानंतरही कित्येक वर्षें, मृगाचा पाऊस लागला कीं वायूचीं जहाजें येणें बंद होत असे.